थोरली, मधली, धाकटी

अहवालाच्या सातव्या पानावर, संचालकांच्या सहीच्या बरोबर वर, पुढील तीन वाक्ये आहेत: ‘अठ्ठेचाळीस नोंदवह्यांतील सर्व १४,११२ पानांचे स्कॅनिंग पूर्ण झाले असून एकही पान गहाळ झालेले नाही. उद्घाटनानंतरच्या काळात यंत्रणेत एकही त्रुटी उद्भवलेली नाही. एका प्रकरणी आढळलेली विसंगती ही यंत्रचालिकेने संगणकाची सूचना परस्पर बंद केल्यामुळे, म्हणजेच वैयक्तिक निष्काळजीपणामुळे घडली आहे.’

पहिले वाक्य खरे असते तर तिसरे लिहावेच लागले नसते. कार्यालयीन गद्याचा हा जुना गुण आहे: प्रत्येक वाक्य आपल्यापुरते सोवळे राहते आणि शेजारच्या वाक्याला ओळख दाखवत नाही. तेव्हा त्यांची ओळख करून देणे मला भाग आहे.

१४,११२ हा आकडा खोटा नाही. तो फक्त पानांचा आकडा नाही. स्कॅनरच्या काचेखालून दिवा एकदा फिरला की प्रोग्रामच्या कोपऱ्यातला गणक एकने पुढे सरकतो. दिवा किती वेळा फिरला, एवढेच त्याला ठाऊक असते (उद्घाटनाच्या प्रात्यक्षिकातल्या फेऱ्या आकड्यातून आधीच वजा केलेल्या आहेत). दारात बसून आत जाणारी माणसे मोजणाऱ्याने आत किती उरली हे सांगू नये. तो कितीही सचोटीचा असला तरी मागच्या दाराकडे त्याची पाठ असते. साठवणीत प्रत्यक्ष किती फायली आहेत, हे अहवाल लिहिणाऱ्यांपैकी कोणीही मोजले नव्हते. मी मोजले. एक दुपार लागली. १३,८७१. उरलेली दोनशे एक्केचाळीस पाने कुठेही नाहीत. कागदावरही नाहीत, कारण उद्घाटनापाठोपाठ जागेच्या टंचाईचे कारण देऊन आदेश निघाला आणि स्कॅन होईल ती नोंदवही लगद्याच्या कारखान्यात जाऊ लागली. त्या आदेशावरची सहीदेखील तीच आहे.

पान म्हणजे काय, हेही सांगायला हवे. या नोंदवह्या एका अनाथालयाच्या. ते बंद होऊन कैक वर्षे झाली. त्याच्या दारात सोडलेल्या प्रत्येक मुलाला एक पान मिळे: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी आणले, अंगावर काय होते, आणणारा काय बोलला. बहुतेकांच्या बाबतीत त्यांच्या आईविषयी जगात लिहिला गेलेला तेवढाच मजकूर. दोनशे एक्केचाळीस पाने म्हणजे दोनशे एक्केचाळीस माणसे.

अभिलेखागाराच्या तळमजल्यावर, पूर्वी चादरींचे कोठार असलेल्या खोलीत हे काम चाले. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. टेबलावर तीन स्कॅनर, खाली एक संगणक. मंजूर तीन झाले होते. त्यांतला एक संचालकांच्या भेटीच्या दालनात गेला, एक सभागृहात. सभागृहातल्या संगणकावर दिवसभर एका धबधब्याचे चित्र दिसे. तिन्ही स्कॅनरसमोर एकच बाई चाकांच्या स्टुलावर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत असे. दर दहा पानांनी ती काच पुसायची, म्हणून सगळे तिला काचताई म्हणत. तिची बावीस वर्षे त्या इमारतीत गेली होती, आधी नोंदवह्या उचलण्यात, मग त्या वाचून काढण्यात.

अडचण अशी होती की स्कॅनिंगचा प्रोग्राम एका संगणकावर एकदाच उघडे. दुसऱ्यांदा उघडू गेले की ‘मी आधीच चालू आहे’ असे म्हणून तो दार लावून घेई. संचालकांचा लेखी आदेश होता की तिन्ही यंत्रे एकाच वेळी चालू दिसली पाहिजेत. ‘दिसली’ हा शब्द माझा नाही. मग तंत्रज्ञाला बोलावण्यात आले. कोणत्याही दोन गोष्टी एकमेकींना चिकटवून देण्याच्या हातोटीमुळे त्याला कचेरीत जोडाजोडीकर म्हणत. त्याने प्रोग्रामच्या तीन नकला केल्या, त्या तीन ठिकाणी ठेवल्या, त्यांची नावे बदलली आणि तिन्ही एकदम उघडून दाखवल्या.

“घ्या ताई. आता तिघी एकदम चालतील. बसा आणि वाढा तिघींना.”

“तिघी आहेत तर नावं हवीत,” काचताई म्हणाली. “ही थोरली, ही मधली, ही धाकटी. पण काय रे, भांडणार नाहीत ना?”

“भांडतील कशाला? प्रत्येकीला वेगळी खोली दिलीय.”

“खोली वेगळी दिलीस. चूल?”

जोडाजोडीकर हसला आणि पिशवी उचलून गेला. त्याला आणखी तीन कचेऱ्या गाठायच्या होत्या. ज्या प्रश्नावर तो हसला तो प्रश्न या सगळ्या प्रकरणात विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न होता, आणि तो विचारणाऱ्या बाईला संगणकाचे कोणतेही शिक्षण मिळालेले नव्हते.

चूल एकच होती. आपण कोणत्या कप्प्यात पाने ठेवतो आहोत, काय विचारायचे आणि काय नाही, हे सारे प्रोग्राम एका छोट्या फायलीत लिहून ठेवतो. ती फाईल नकलांबरोबर तिप्पट झाली नाही. ती आपल्या मूळ जागीच राहिली. उघडताना तिघी तीच वाचत, बंद होताना तिघी तिच्यातच लिहीत. जोडाजोडीकराने पुढे चौकशीत मला हे समजावले ते त्याच्याच शब्दांत सांगतो: “शेवटी निघणारी चुलीपाशी चिठ्ठी ठेवून जाते, आणि परत आल्यावर तिघी तीच चिठ्ठी प्रमाण मानतात.”

आता दुसरा आदेश. वीजबचतीसाठी एक ते दोन या जेवणाच्या वेळेत सर्व संगणक बंद. दोन वाजता काचताई तिघींना पुन्हा उघडी. सकाळी थोरलीकडे चौदा क्रमांकाची नोंदवही असेल, मधलीकडे एकतीस, धाकटीकडे चाळीस. पण दुपारी तिघींच्याही डोक्यात शेवटी बंद झालेलीचा कप्पा. काचताईला प्रत्येकीचा कप्पा हाताने बदलावा लागे. पानाचा क्रमांक चुकत नसे, तो समोरच्या कागदावरच असे. कप्प्याचे नाव मात्र खिडकीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. तीन यंत्रे, दोन हात आणि दिवसाला ठरवून दिलेली पाने. एखाद्या दुपारी एखादीचा कप्पा बदलायचा राहून जाई.

आणि राहिला तरी बिघडत नव्हते. मधली एकतिसाव्या वहीचे दोनशे पाचवे पान चौदाच्या कप्प्यात ठेवू लागली की थबके आणि विचारी: ‘या क्रमांकाचे पान या कप्प्यात आधीच आहे. ते पुसून हे ठेवायचे का?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’. त्याखाली एक चिमुकला रिकामा चौकोन आणि त्यापुढे शब्द: ‘पुन्हा विचारू नये’.

काचताई ‘नको’ दाबी, कप्पा सुधारी आणि आपल्या रेघी वहीत लिही. ही वही तिला कोणी ठेवायला सांगितली नव्हती. पहिल्या पाच आठवड्यांत तिच्यात ‘अडवलं’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे. एके ठिकाणी पुढे लिहिले आहे: ‘मधलीने अडवलं. जिभेला हाड नाही हिच्या, पण घरात एक तरी अशी हवीच.’

सहाव्या आठवड्यात उद्घाटन झाले. खोलीत दाटीवाटीने दहा माणसे मावत. संचालक धरून पाहुणे दहाच होते. काचताईला बाहेर व्हरांड्यात थांबायला सांगण्यात आले. त्यानंतर ‘अडवलं’ हा शब्द वहीत एकदाही नाही. आठवडाभराने जोडाजोडीकर जिन्यात भेटला तेव्हा तिने त्याला गाठले.

“अरे, तिघींनी बोलणंच टाकलंय.”

“बरंच झालं की. सासरी रुळल्या म्हणायच्या.”

“एका घरात तिघी आणि आठ दिवस एक शब्द नाही? मला नाही पटत. तू येऊन बघ.”

“येतो ना ताई.”

तो आला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याला चार कचेऱ्या आणि एक पिशवी होती. अकरा आठवडे तिघी मुकाट्याने काम करत राहिल्या, आणि ज्या ज्या दुपारी एखादीचा कप्पा बदलायचा राहिला, त्या त्या दुपारी एका वहीची पाने दुसऱ्या वहीच्या पानांवर शांतपणे जाऊन बसली. खालची पुसली गेली.

अहवालातले दुसरे वाक्य आता पुन्हा वाचावे. ‘उद्घाटनानंतरच्या काळात यंत्रणेत एकही त्रुटी उद्भवलेली नाही.’ चौकीदाराच्या तोंडात बोळा कोंबला आणि त्या दिवसापासून गावात चोरीची एकही आरोळी उठली नाही, असा त्याचा अर्थ आहे.

कपडे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान चालवणारी एक बाई पुढच्या महिन्यात अभिलेखागारात आली. वय साठ. तिला शिवणबाई म्हणू. अठराव्या वर्षी अनाथालय सोडताना तिला एक चिठ्ठी दिली होती, चौदा–दोनशे बारा, आणि ती तिने बेचाळीस वर्षे शिवणयंत्राच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली जपली होती. इतकी वर्षे का आला नाहीत, असे काउंटरवरच्या कारकुनाने विचारले.

“धीर होत नव्हता. आता चष्म्याचा नंबर वाढायच्या आत वाचून घ्यावं म्हटलं.”

तिला छापील पान मिळाले. तिने तिथेच उभे राहून ते दोनदा वाचून काढले. मग तिने ते काउंटरवर परत ठेवले.

“पान छान आहे. पण माझं नाही.”

“चौदा, दोनशे बारा. तुमचंच आहे, बाई.”

“यातल्या मुलीच्या उजव्या खांद्यावर भाजल्याचा डाग आहे. मला नाही.”

“लहानपणचे डाग जातात.”

“बरं. आणि ही जन्मली माझ्यानंतर नऊ वर्षांनी. ती नऊ वर्षंही गेली म्हणायची?”

ते पान एकतिसाव्या वहीतले दोनशे बारावे होते. मधलीने ते एका दुपारी चौदाच्या कप्प्यात, शिवणबाईच्या पानावर, ठेवले होते. शिवणबाईने अर्ज केला: माझे पान शोधून द्यावे. अर्जाच्या विषयाच्या ओळीत कार्यालयाने लिहिले: ‘यंत्रचालिकेविरुद्ध तक्रार’. जी मागणी पुरी करता येत नाही तिचे आरोपात रूपांतर करून घ्यायचे, ही युक्ती फार जुनी आहे. कित्येक राजवटींच्या दप्तरांत ती मी पाहिली आहे, पण एका ओळीत इतक्या सफाईने क्वचितच.

तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली. नियमाप्रमाणे एक सदस्य बाहेरचा अभ्यासक असावा लागतो. त्या नोंदवह्या मी अकरा वर्षे वाचत आलो होतो, म्हणून मला घेण्यात आले; गप्प राहीन अशी अपेक्षा असावी. सोमवारी पहिली बैठक झाली. शुक्रवारी दोषारोपपत्रावर सह्या व्हायच्या होत्या, आणि ते आधीच टाइप झालेले होते. त्यात काचताईच्या बडतर्फीची शिफारस होती.

अध्यक्षांनी तिला बसायला सांगितले नाही. मी खुर्ची पुढे केली.

“ती सूचना तुम्ही बंद केलीत?”

“माहीत नाही, साहेब.”

“हो की नाही, एवढं सांगा.”

“दिवसभर तीन खिडक्या आणि एक माऊस. हात कुठे पडला असेल... मी केलंच नाही, असं छातीवर हात ठेवून कसं सांगू? कप्पा बदलायला मात्र मी विसरायचे. ते माझंच. आधी विसरले तर ती आठवण करायची. नंतर करेनाशी झाली.”

अध्यक्ष लेखनिकाकडे वळले. “लिहा. आरोप मान्य.”

मी म्हणालो, की बाईने एक गोष्ट मान्य केली आहे आणि लिहिली जाते आहे ती दुसरीच. अध्यक्षांनी मान डोलावली. कार्यवृत्तात माझ्या नावापुढे ‘दखल घेतली’ एवढेच आहे. माणसाने आपण कदाचित चुकलो असू असे म्हणणे हा विवेकाचा प्रारंभ आहे असे मी आयुष्यभर शिकवत आलो. त्या खोलीत तो बडतर्फीचा पुरावा होता.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर शिवणबाई बसली होती. अर्जदार म्हणून तिलाही बोलावले होते आणि कोणी आत घेतले नव्हते. दार उघडेच होते. तिने सगळे ऐकले होते. काचताई बाहेर येताच ती उठली.

“त्या तीन खिडक्यांवाल्या तुम्हीच?”

“मीच. तुमचं पान माझ्या हातून गेलं.”

“गेलं ते गेलं. पण तुमच्या हातातून गेलं म्हणजे तुम्ही पाहिलं होतंत ना? काय होतं त्यावर?”

काचताईने डोळे मिटले. “दिवसाला दीडशेच्या वर पानं व्हायची, हो. अक्षरं नाही आठवत. चौदाच्या वहीला टाचण्या फार होत्या, तेवढं आठवतं. गंजलेल्या. काचेवर ओरखडे पडतात म्हणून मी एकेक काढून...” ती थांबली. “अगं बाई.”

“काय झालं?”

“या माझ्याबरोबर. तुम्हीही या, सर.”

त्या अनाथालयाची एक रीत होती. मूल ज्या कपड्यात गुंडाळून आणले असेल त्याचा वीतभर तुकडा कापून पानाला टाचत. आई कधी परत आली, तर तिच्याकडच्या उरलेल्या कापडाशी तो जुळवून मूल ओळखायचे. फार थोड्या आया परत आल्या. त्यामुळे तुकडे पानांवरच राहिले. काचताईने स्कॅन करण्याआधी प्रत्येक टाचणी काढली, तुकडा पाकिटात घातला, पाकिटावर वहीचा आणि पानाचा क्रमांक लिहिला. काम संपले की पुन्हा टाचायचे, असे तिने ठरवले होते. त्याआधीच वह्या लगद्यात गेल्या. पाकिटांचे काय करायचे असे तिने संचालकांना लेखी विचारले होते. उत्तर आले: ‘कागदेतर वस्तूंबाबत धोरण निश्चित झालेले नाही.’ धोरण नव्हते, म्हणून ती वाचली.

चादरींच्या कोठाराच्या कोपऱ्यात पत्र्याचे दोन डबे होते. एकात पाकिटे, उभी, क्रमाने. चौदाची पाकिटे मधोमध होती. काचताईचे बोट दोनशे नऊवरून दोनशे बारावर आले. तिने पाकीट स्वतः उघडले नाही. शिवणबाईच्या हातात दिले.

निळे सुती कापड होते, विटून राखाडी झालेले, एका कडेला पांढऱ्या दोऱ्याने घातलेली दुमड. शिवणबाई रडेल अशी माझी समजूत होती. तिने चष्मा बदलला. तुकडा उलटा केला. नखाने दुमडीवरून एकदा माग काढला.

“यंत्राची नाही ही शिवण. हाताची आहे. घाई दिसते, पण हात तयार आहे. एक टाका दुसऱ्याहून मोठा नाही.” मग तिने तुकडा उजेडात धरला. म्हणाली, “टाके कुठे झुकलेत बघा.”

आम्ही पाहिले. आम्हाला काही कळले नाही.

“उजव्या हाताने शिवणाराचा टाका असा पडतो.” तिने हवेत बोट तिरके फिरवले. “हा उलटा झुकलाय.” तिने आपल्या पोलक्याची बाही उलटून आतली दुमड आमच्यापुढे धरली. टाके त्याच बाजूला झुकलेले होते. “शिवणाच्या वर्गात मी यासाठी पट्ट्या खाल्ल्यात. डाव्या हाताने शिवते म्हणून. बाई विचारायच्या, हे कोणाचं उचललंस गं? मी म्हणायचे, कोणाचं नाही.”

डावखुरेपणा हा नात्याचा पुरावा होत नाही, हे मला ठाऊक आहे. असे तुकडे शेजारणीही शिवून देतात, हेही. अशा वेळी हे बोलून दाखवणे हा माझा व्यवसाय आहे. मी बोललो नाही.

शिवणबाईने तुकडा पाकिटात घातला आणि पाकीट काचताईकडे परत केले.

“अहो, तुम्ही ठेवा. तुमचंच आहे ते.”

“नोंद करून द्या. रीतसर. मग नेईन.” आणि मग, “मी अर्ज मागे घेते, ताई. मला पान हवं होतं. कोणाची भाकरी नको होती.”

“मागे नका घेऊ,” काचताई म्हणाली. “पान तर गेलंच आहे ना. सरांनी मोजलंय, आणखी दोनशे चाळीस जणांचं गेलंय. ते येतील तेव्हा त्यांनी कुठे बोट ठेवायचं?”

दुसऱ्या डब्यात तिची रेघी वही होती. चौकशीत ती कोणी मागितली नव्हती, आणि न मागता द्यायचे तिला सुचले नव्हते. मी ती तिथेच, स्टुलावर बसून, वाचली. उद्घाटनाच्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘१०.४० धाकटीने अडवलं. ११ ते १ बाहेर, पाहुणे. १ वाजता तिन्ही बंद केल्या, धाकटी शेवटी, तीच वर होती. २ ला उघडल्या.’ शेवटचे ‘अडवलं’ हेच. दहा चाळीसला यंत्राला वाचा होती. दोनला नव्हती. मध्ये काचताई त्या खोलीत नव्हती. धाकटी शेवटी बंद झाली, तिने चुलीपाशी चिठ्ठी ठेवली, आणि दोन वाजता तिघींनी ती वाचली. एकीला कोणीतरी गप्प राहायला सांगितले. मुक्या झाल्या तिघी.

हे कोणी सांगितले, ते संगणकात कुठेही लिहिलेले नव्हते. ती फाईल रोज नव्याने लिहिली जाई. मात्र कचेऱ्यांत जे फायलींत सापडत नाही ते बहुधा भिंतीवर टांगलेले असते.

गुरुवारी सकाळी मी लेखनिकाला बरोबर घेऊन संचालकांकडे गेलो. नियम असा आहे, की सदस्यासमोर लेखनिकाने घेतलेले आणि सही झालेले निवेदन पुराव्यात धरावेच लागते. संचालक सौजन्याने वागले. दुष्ट माणूस शोधायला आलेल्याची त्या खोलीत निराशा होते. थकलेला, नीटनेटका गृहस्थ. ही इमारत दोनदा बंद व्हायची होती आणि दोन्ही वेळा त्यांनी वरिष्ठांच्या दारात तासन्‌तास उभे राहून ती वाचवली होती. पाहुण्यांवर छाप पडली नसती तर तिसऱ्यांदा वाचली नसती, असे त्यांना मनापासून वाटत होते. कदाचित ते खरेही असेल. त्या नोंदवह्या आपण वाचवल्या, अशीच त्यांची आजही समजूत आहे.

त्यांच्या मागे भिंतीवर उद्घाटनाचे मोठे छायाचित्र होते. काचताईच्या स्टुलावर संचालक, उजवा हात माऊसवर, मागे नऊ पाहुणे. पडद्याच्या मधोमध एक करडा चौकोन.

“स्वतः चालवून दाखवलंत?” मी विचारले.

त्यांचा चेहरा उजळला. “मग! शेवटी आपण करून दाखवल्याशिवाय लोकांना पटत नाही.”

“आणि हा मधला चौकोन कसला?”

ते हसले आणि सांगू लागले. मी म्हटले, हे नोंदीत घेऊ का. “घ्या की,” ते म्हणाले, “त्यात काय एवढं.” लेखनिकाने लिहिले, वाचून दाखवले, त्यांनी एक शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि सही केली.

शुक्रवारी दोषारोपपत्रावर सह्या झाल्या नाहीत. अध्यक्षांनी निवेदन दोनदा वाचले आणि टाइप केलेला कागद स्वतःच्या हाताने दुमडून ठेवला. काचताई आजही चादरींच्या कोठारात बसते. एकच खिडकी उघडी ठेवते, आणि साठवणीत उरलेली पाने, पाकिटांतले तुकडे आणि आपली रेघी वही यांवरून कोणाकोणाचे काय गेले त्याची यादी करते. शिवणबाईने पाकीट रीतसर सही करून नेले. यादीत दोनशे बाराव्या पानापुढे काचताईने लिहिले आहे: ‘मजकूर गेला. टाका डावा.’

अहवालाचे सातवे पान मागे घेतलेले नाही. त्याला एक आठवे जोडण्याची परवानगी मात्र मला मिळाली. त्यावर माझे स्वतःचे एकही वाक्य नाही. संचालकांचे निवेदन आहे, त्यांच्या सहीनिशी, शब्द न बदलता:

‘प्रत्येक पाहुण्याला नीट दिसावं म्हणून मी तेच पान पुन्हा पुन्हा स्कॅन करत होतो. दर वेळी तो चौकोन मध्ये यायचा, हे पान आधीच आहे, ते पुसायचं का, म्हणून. एकदा ठीक आहे, दोनदा ठीक आहे, पण पाहुणे ताटकळले होते आणि दारात फोटोवाला थांबला होता. तेव्हा ‘हो’ दाबताना खाली बारीक चौकोनात जी खूण करायची असते ती मीच केली, पुन्हा विचारू नये म्हणून. त्यानंतर काही त्रास झाला नाही.’